एका ऋण चिन्हाचा इतिहास

१९८८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो. वर्गात मराठी आणि कानडी मुले निम्मी-निम्मी. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरची अक्षरे इंग्रजी, आणि समजावून सांगायची भाषा मात्र ज्याला जी पटेल ती. अतिसंवाहकतेच्या धड्याला त्या वर्षी एकदम भाव आला होता. बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर यांना आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते, द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला चालणारे अतिसंवाहक निघाले होते, आणि काळ्या वडीवर अधांतरी तरंगणाऱ्या चुंबकाचे छायाचित्र पोरांनी वर्तमानपत्रांत पाहिलेले होते. मी दरवर्षीप्रमाणे सांगून टाकले, की चुंबकत्व आणि अतिसंवाहकता म्हणजे एका म्यानातल्या दोन तलवारी. एकत्र राहायच्या नाहीत.

मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, दोन अतिसंवाहकांच्या मधे लोखंडाचा अगदी पातळ पापुद्रा ठेवला, तर प्रवाहाचं काय होईल?"

मी म्हणालो, "काय व्हायचंय? मरेल. पापुद्रा जितका जाड, तितका लवकर मरेल. बस खाली."

तो बसला. तास संपला. पुढे मी आणखी बरीच वर्षे तोच धडा त्याच शब्दांत शिकवला आणि निवृत्त झालो. माझे उत्तर चुकीचे होते. नुसते आजच्या ज्ञानाने चुकीचे नव्हे. मी ते दिले त्या दिवशीच ते कागदावर चुकीचे ठरून सहा वर्षे उलटली होती. प्रवाह क्षीण होतो हे खरे, पण नुसता क्षीण होत नाही. मध्येच तो उलटतो. त्याच्यापुढे एक ऋण चिन्ह येते. या ऋण चिन्हाचा इतिहास मी उशिरा का होईना वाचून काढला, तो आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभ हॉलंडातील लायडनचा. हाइके कामर्लिंग ओनेस यांनी तेथे १९०८ च्या जुलैत हेलियम वायूचा द्रव केला, आणि १९११ च्या एप्रिलमध्ये त्या द्रवाच्या थंडीत ठेवलेल्या पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्व्हिनच्या सुमारास, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसला, एकाएकी नाहीसा झालेला त्यांच्या प्रयोगशाळेत दिसला. तारेत एकदा सोडलेला प्रवाह बॅटरी काढून घेतली तरी वाहतच राहतो, हा तो चमत्कार. ओनेस यांच्या डोळ्यांपुढे लगेच बिनखर्चाची प्रचंड विद्युतचुंबके उभी राहिली. पण १९१४ मध्ये त्यांनाच आढळले, की पुरेसे चुंबकीय क्षेत्र लावले की हा गुण निघून जातो. चुंबकाशी वैर असे पाळण्यातच जडले.

वैराचे कारण कळायला १९५७ साल उजाडावे लागले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघा अमेरिकनांनी दाखवले, की अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे न वावरता जोडीने वावरतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला 'स्पिन' नावाचा एक अंगभूत गुण असतो. तो जणू एक इवले चुंबक असतो, आणि त्याचे तोंड वर किंवा खाली असते. जोडीतल्या दोघांची तोंडे परस्परांच्या विरुद्ध. आपल्याकडे फुगडी घालणाऱ्या दोघी एकमेकींच्या विरुद्ध तोल टाकतात म्हणून तर फुगडी टिकते, तसेच हे. लोहचुंबकाचा हट्ट नेमका उलटा असतो. तिथे साऱ्या स्पिननी एकाच दिशेला तोंड करावे लागते. फुगडी घालणाऱ्या दोघींना कवायतीला उभे केले तर फुगडी राहील कशी?

रशियन शास्त्रज्ञ व्हिताली गिन्झबर्ग यांनी १९५६ मध्येच हा विरोध मांडला होता. १९५८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या बर्न्ड मॅथिआस आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. लँथॅनम हा धातू अतिसंवाहक. त्यात गॅडोलिनियम या चुंबकी धातूची शेकडा एखादा अणू इतकीच भेसळ केली, तर अतिसंवाहकता संपते. दुधाच्या पातेल्यात लिंबाचा थेंब. मी शिकलो ते या पिढीच्या पुस्तकांतून, आणि त्या पुस्तकांत खोटे काही नव्हते. त्यांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली होती इतकेच.

आता 'सांध्या'कडे वळतो, कारण खरी कथा तिथे आहे.

ईव्हार येव्हर हा मूळचा नॉर्वेचा यंत्र-अभियंता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी करता करता तो पदार्थविज्ञान शिकत होता. १९६० मध्ये त्याने काचपट्टीवर ॲल्युमिनियमचा थर चढवला, हवेत त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरू दिला आणि वर शिसे चढवले. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) ऑक्साइड हा विद्युतरोधक, त्यातून प्रवाह जाऊ नये. पण पापुद्रा इतका पातळ असला की इलेक्ट्रॉन बोगद्यातून पलीकडे निघावा तसा निघून जातो. शिसे अतिसंवाहक झाले की या बोगद्यातल्या प्रवाहाचा आलेख कसा वाकतो ते मोजून येव्हरने बार्डीन आणि मंडळींचा सिद्धांत जवळजवळ मोजपट्टीने तपासून दिला.

याच प्रयोगांतली एक गंमत मला फार आवडते. दोन्ही बाजूंना अतिसंवाहक असलेल्या काही नमुन्यांत शून्य व्होल्टलाही प्रवाह वाहताना येव्हरने पाहिला होता. त्याला वाटले, पापुद्र्याला भोक पडून दोन धातू एकमेकांना चिकटले, शॉर्टसर्किट झाले. असे नमुने त्याने बाद धरले. हे त्याने नोबेलच्या भाषणात मोकळेपणाने सांगून टाकले आहे. हाती आलेले दुसरे पारितोषिक तो दरवेळी केराच्या टोपलीत टाकत होता, असे म्हटले तरी चालेल.

ते उचलले केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने, तेही एकही नमुना न बनवता. १९६२ च्या जुलैत प्रसिद्ध झालेल्या छोट्या लेखात त्याने गणिताने दाखवले, की पातळ सांध्यातून अख्खी जोडीच पार होऊ शकते, आणि तीही व्होल्टेज न लावता. त्याचे गुरू पिपर्ड यांच्यासह अनेकांचा कयास असा होता, की एक इलेक्ट्रॉन पार होण्याची शक्यता मुळात नगण्य, तर दोघे एकदम पार होण्याची शक्यता म्हणजे नगण्याचा वर्ग. जोसेफसनचे म्हणणे, की जोडी ही दोन स्वतंत्र प्रवाशांसारखी मोजायचीच नाही. ती एकच लाट आहे.

लाट म्हटली की तिची 'कला' आली. चंद्राच्या कला म्हणतो त्याच अर्थाने: आपल्या फेऱ्यात लाट या क्षणी कुठवर आली आहे, ती तिची कला. सांध्याच्या दोन बाजूंच्या कलांत जो फरक असेल, त्याच्या साइनवर प्रवाह ठरतो. फरक शून्य, तर प्रवाह शून्य. आणि त्याच स्थितीत सांध्याची ऊर्जा सर्वांत कमी, म्हणजे सांधा स्वस्थ. सांध्यावर व्होल्टेज लावले तर प्रवाह मागेपुढे हेलकावे खाऊ लागतो: एका मिलिव्होल्टला सेकंदाला सुमारे ४८,३६० कोटी हेलकावे. हा हिशेब इतका काटेकोर निघाला, की १९९० पासून जगभर व्होल्टचे प्रमाण याच सांध्यावर बेतलेले आहे.

जॉन बार्डीन यांना मात्र हे पटले नाही. त्यांनी छापील विरोध केला, आणि त्या सप्टेंबरात लंडनच्या परिषदेत तो बुजुर्ग आणि हा पोरगा समोरासमोर उभे राहिले. १९६३ मध्ये बेल प्रयोगशाळेत फिलिप अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी कथिल आणि शिसे यांच्या सांध्यात तो प्रवाह दाखवला. हे शॉर्टसर्किट नव्हे हे कशावरून? तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राइतके किंचित क्षेत्र अडवले किंवा सोडले तरी हा प्रवाह बदलत होता. भोकातून गेलेला प्रवाह इतका हळवा नसतो. शत्रू म्हणून हिणवलेले चुंबकत्व इथे जोसेफसनच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे राहिले. १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळाले, येव्हर आणि जपानी शास्त्रज्ञ एसाकी यांच्या जोडीने.

मग कोणीतरी विचारणारच होते, की मधल्या पापुद्र्यात चुंबकी अणू असतील तर? माझ्या विद्यार्थ्याने विचारले तेच. प्रश्न साठच्या दशकातच उपस्थित झाला होता. सोव्हिएत रशियात कुलिक यांनी हिशेब मांडला, की वाटेतला चुंबकी अणू इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटवू शकतो, आणि अशा उलटापालटीने जोडीचा प्रवाह घटतो. घटतो, इथपर्यंत माझ्या उत्तराशी जुळते. पण घटता घटता शून्याच्याही खाली गेला तर? १९७७ मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतले लेव्ह बुलायेव्स्की, कुझी आणि सोब्यानिन यांनी नेमके हे लिहिले. स्पिन उलटवून जाणारे इलेक्ट्रॉन सरळ जाणाऱ्यांपेक्षा वरचढ ठरले, तर जोसेफसनच्या सूत्रापुढे ऋण चिन्ह येईल.

मराठीत 'ऋण' म्हणजे कर्जही आणि उणेही; कानडीतही हाच शब्द याच दोन्ही अर्थांनी चालतो. वर्गात मला त्याचा फार उपयोग होई. पण इथले ऋण नुसते वहीतले नाही. सूत्रापुढे उणे आले, की सांध्याला स्वस्थता कलांचा फरक शून्य असताना मिळत नाही. तो अर्धा फेरा, म्हणजे गणिताच्या भाषेत 'पाय' इतका, असताना मिळते. म्हणून अशा सांध्याला 'पाय-सांधा' म्हणतात. आता असा एक सांधा पुरेशा मोठ्या अतिसंवाहक कड्यात बसवा. कडे एक फेरी पूर्ण करून मूळ जागी येते, तर कलेचा हिशेबही जुळला पाहिजे. पण सांध्याने तर अर्ध्या फेऱ्याची अढी घातलेली. ती सोडवायला कड्यात आपोआप प्रवाह सुरू होतो, एका बाजूने किंवा दुसऱ्या बाजूने. बॅटरी नाही, बाहेरचे चुंबक नाही, आणि सर्वांत स्वस्थ अवस्थेतच कडे प्रवाही. बुलायेव्स्की आणि मंडळींनी लेखाच्या शीर्षकातच ही गोष्ट घातली होती.

१९८२ मध्ये अलेक्झांडर बुझदिन, बुलायेव्स्की आणि पान्युकोव्ह यांनी सुट्या चुंबकी अणूंऐवजी अख्खा लोहचुंबकी थर घेतला. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न शब्दशः हाच. जोडी चुंबकात शिरली की काय होते हे सांगायला मी बैलजोडीचा दृष्टांत देतो. दोन बैल एका जुवाला. एक वर स्पिनचा, एक खाली स्पिनचा. चुंबकाच्या रानात एकाला जमीन घट्ट लागते, दुसऱ्याला भुसभुशीत. एक पुढे सरतो, दुसरा मागे रेंगाळतो आणि जू हळूहळू फिरू लागते. जितके रान ओलांडाल तितके जू फिरत जाईल. ठराविक अंतरावर ते बरोबर अर्धे फिरलेले असते. त्या जागी रान संपले, तर पलीकडच्या अतिसंवाहकाला जोडी मिळते ती उलटी. दृष्टांत इथे सोडून द्यावा, कारण खऱ्या बैलांचे जू केव्हाच मोडले असते. गणितात मात्र लाटेचे नुसते चिन्ह बदलते. बिनचुंबकी धातूत जोडीची लाट विझत जाते. चुंबकात ती विझता विझता धन-ऋण, धन-ऋण अशी डुलते. तीव्र चुंबकी क्षेत्रातील अतिसंवाहकात जोडीला असे डुलणे भाग पडेल, हे १९६४ मध्येच पश्चिमेकडे फुल्डे आणि फेरेल यांनी, तर रशियात लार्किन आणि ओव्चिन्निकोव्ह यांनी स्वतंत्रपणे सुचवले होते.

म्हणजे १९८८ च्या त्या तासाला उत्तर छापलेले होते. मी ते वाचलेले नव्हते. आमच्या ग्रंथालयात ती नियतकालिके येत नसत, हे खरे. पण "मला माहीत नाही, बघून सांगतो" असे म्हणायला नियतकालिक लागत नाही.

योग असा, की त्याच १९८८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या जगदीश मूडेरा आणि सहकाऱ्यांचा प्रबंध छापून आला. त्यांनी बोगदा-सांध्यातला विद्युतरोधकच चुंबकी घेतला: युरोपियम सल्फाइड. अशा पापुद्र्यातून एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनला बुटकी भिंत लागते, दुसऱ्याला उंच. पलीकडे पोचतात ते बहुतेक एकाच तोंडाचे. रव्यासाठी वेगळी आणि मैद्यासाठी वेगळी चाळण असावी तशी ही स्पिनची चाळण. हे मूडेरा म्हैसूर विद्यापीठाचे पदवीधर. म्हणजे आमच्याच राज्यात शिकलेला माणूस चुंबकी पापुद्र्यातून प्रवाह कसा जातो ते मोजत होता, आणि मी इकडे मुलाला खाली बसवत होतो.

मुंबईचाही एक धागा इथे येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखवली. निकेल म्हणजे लोखंडाचा भाऊबंद, त्याच्या संगतीत अतिसंवाहकता अपेक्षित नव्हती. पुढे यिट्रियमच्या जागी होल्मियम किंवा एर्बियम हे चुंबकी धातू घातले, तरी संयुग अतिसंवाहकच राहिले. दोन्ही गुण एकाच स्फटिकात नांदले. तिथले चुंबकी अणू शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसतात, म्हणून जोडीला त्यांचा जाच कमी होतो, असे याचे ढोबळ कारण. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत या शोधाला एखाददुसरी ओळ मिळाली असती तर बरे झाले असते.

आता ऋण चिन्हाची खरी अडचण. सांध्याचा जो प्रवाह मोजता येतो तो कमाल प्रवाह: हळूहळू वाढवत न्यायचा आणि कुठे व्होल्टेज उमटते ते पाहायचे. हा आकडा मापकावर नेहमी धनच दिसतो. उलटा सांधा आणि सुलटा सांधा यांचा आलेख हुबेहूब सारखा! कर्जदार आणि सावकार, दोघांच्या वहीत रक्कम तीच. ती येणे की देणे हे रकमेवरून कळत नाही. दुसरी अडचण थराच्या जाडीची. लोखंड किंवा कोबाल्ट यांचे चुंबकत्व इतके जबर असते, की जोडीला बांधणाऱ्या ऊर्जेच्या ते सुमारे हजारपट भरते. जू फिरून उलटे व्हायला एखाद-दुसरा नॅनोमीटर, म्हणजे मोजके अणूच पुरतात. इतका थर एकसारखा चढवायचा, आणि जाडीत एका अणूची चूक झाली तरी उत्तर बदलणार. सिद्धांत म्हणूनच जवळजवळ दोन दशके कागदावर राहिला.

तोड निघाली मॉस्कोपासून काही अंतरावरच्या चेर्नोगोलोव्का या विज्ञाननगरीत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि तिथल्या प्रयोगशाळांचे पुढचे दशक ओढगस्तीत गेले. त्याच दशकात व्हॅलेरी रियाझानोव्ह आणि त्यांच्या साथीदारांनी एक साधी युक्ती योजली. जबर चुंबक नकोच. मरतुकडे चुंबक घ्या. आपल्या ऐंशीच्या दशकातल्या रुपयाच्या नाण्यात तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल असे. त्याला चुंबक चिकटत नाही, कारण तांब्याने निकेलची मस्ती जिरवलेली असते. निकेलचे प्रमाण निम्म्याच्या आसपास नेले, की अतिशीत तापमानाला थोडेसे चुंबकत्व डोके वर काढते. रियाझानोव्हनी नायोबियमच्या दोन थरांमध्ये असाच तांबे-निकेलचा, वीस-पंचवीस नॅनोमीटर जाडीचा थर घातला. चुंबक दुबळे, म्हणून जू सावकाश फिरते आणि जाडी हाताळण्याजोगी राहते. शिवाय चुंबकाची आणि उष्णतेची ऊर्जा जवळजवळ बरोबरीची असल्यामुळे नुसते तापमान बदलले तरी जुवाचे फिरणे कमी-जास्त होते. म्हणजे जाडी बदलायला दुसरा नमुना करायचे कारणच उरले नाही!

नेहमीचा सांधा थंड करत नेला की त्याचा कमाल प्रवाह वाढतच जातो. या सांध्याचा प्रवाह थंड करताना आधी वाढला, मग घटला, एका तापमानाला शून्यावर आला आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा वाढला. एकच नमुना, एकच जाडी. शून्याला शिवून परत वर येणाऱ्या आलेखाचा अर्थ एकच लागतो: मापकाला चिन्ह कळत नसल्यामुळे, शून्याखाली गेलेली रेषा त्याने आरशात पाहिल्यासारखी वर दाखवली. सबंध धातूच्या या सांध्याचा रोध ओहमच्या लाखांशाच्या घरातला असल्याने व्होल्टेज अतिसूक्ष्म येत होते. ते मोजायलाही जोसेफसन सांध्यांवर चालणारेच मापक लागले. हा लेख २००१ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांत लायडनचे यान आर्ट्सही आहेत. पाऱ्याचा रोध नाहीसा झाला त्या गावाचे नाव नव्वद वर्षांनी पुन्हा आले.

बोगदा-सांध्याचा प्रयोग मागोमाग झाला. २००२ मध्ये फ्रान्समधील ओर्से येथे ताकिस कोंतोस आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पापुद्र्याशेजारी पॅलेडियम-निकेलचा थर दिला आणि जाडी पायरीपायरीने वाढवली. सहा-सात नॅनोमीटरच्या आसपास प्रवाह नाहीसा झाला आणि पुढे पुन्हा उगवला. ऑक्साइडचा फायदा असा, की सांध्याचा रोध चांगला मोठा येतो, व्होल्टेज सहज मोजण्याजोगे येते आणि आलेखावर येव्हरच्या वेळचे वळण स्वच्छ दिसते. थेट चिन्ह दाखवण्याचे काम २००४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाले. रियाझानोव्ह यांच्या सहकार्याने सांधा कड्यात बसवून कलेनुसार प्रवाह कसा बदलतो ते रेखाटले, तेव्हा साइनची रेघ ठराविक तापमानाला उलटी झालेली प्रत्यक्ष दिसली. १९७७ पासून सत्तावीस वर्षे.

हे सगळे मला कळले ते २०११ च्या दिवाळीत. माझी भाची पुण्याला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत होती, ती फराळाला आली ती कागदांचा गठ्ठा घेऊन. वरच्या प्रबंधाच्या पहिल्या लेखकाचे नाव वाचून मी चष्मा पुसला: तृप्ती खैरे. मिशिगन स्टेट विद्यापीठ, २०१०. आडनाव ओळखीचे दिसले म्हणून मी तो कागद हातात घेतला, हे कबूल करतो. विषयासाठी घेतला नाही. खैरे, खसावने, प्रॅट आणि बर्ज या चौघांनी कोबाल्टसारख्या जबर चुंबकाचा बारा ते अठ्ठावीस नॅनोमीटर जाडीचा थर मध्ये ठेवला होता, आणि त्यातून जाणारा प्रवाह जाडीबरोबर जवळजवळ घटतच नव्हता. कोबाल्टच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या दुबळ्या चुंबकाचे थर मुद्दाम दिलेले होते. त्यांच्या आडव्या तोंडांमुळे जोडीतल्या दोघांचे स्पिन एकाच दिशेला वळतात. एकाच तोंडाची जोडी चुंबकाला परकी वाटत नाही. दोन्ही बैलांना सारखीच जमीन. ही शक्यता २००१ मध्ये बेर्गेरेट, व्होल्कोव्ह आणि एफेतोव्ह यांनी वर्तवली होती. "मरेल, जितका जाड तितका लवकर मरेल," हे माझे वाक्य त्या चार पानांपुढे उभे राहू शकत नव्हते.

गठ्ठ्यातला दुसरा प्रबंध २०११ सालचा, केंब्रिजचा, म्हणजे जोसेफसनच्या गावचा. कार्तिक सेनापती, मार्क ब्लामायर आणि झोई बार्बर यांनी गॅडोलिनियम नायट्राइड हा चुंबकी विद्युतरोधक घेऊन मूडेरांची स्पिन-चाळण आणि जोसेफसनचा सांधा एकत्र आणले होते. ज्या गॅडोलिनियमच्या शेकडा एक भेसळीने १९५८ मध्ये अतिसंवाहकता मेली होती, त्याचाच थर आता दोन अतिसंवाहकांच्या मधे बसला होता आणि प्रवाह चालू होता. भाची मला फराळ सोडून दोन दिवस शिकवत होती. तिची आई माझ्यावर रागावली.

तो विद्यार्थी पुढे संशोधक वगैरे झाला नाही. खानापूर रस्त्याला त्याचे मोटारी गुंडाळून देण्याचे दुकान आहे. पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या जळलेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. गेल्या वर्षी आमच्या पंपाची मोटार घेऊन मी गेलो, तेव्हा तो प्रश्न त्याला आठवतो का, म्हणून विचारले.

"प्रश्न नाही आठवत, सर," तो म्हणाला. "तुम्ही 'बस खाली' म्हणालात, ते आठवतंय."

मी स्टुलावर बसून त्याला सगळे सांगितले. जू, रान, उणे चिन्ह, नाणे, सगळे. तांब्याची तार आयुष्यभर हाताळलेला माणूस. कड्यात आपोआप सुरू होणारा प्रवाह त्याला माझ्यापेक्षा लवकर कळला. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, मग मधे चुंबकाचे दोन थर ठेवले, आणि त्यातल्या एकाचं तोंड फिरवलं तर?"

या वेळी मला उत्तर माहीत होते. २०१६ मध्ये त्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात एरिक गिंगरिच, नॉर्मन बर्ज आणि सहकाऱ्यांनी हेच केले. एक थर निकेलचा, दुसरा निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा. दोन्ही तोंडे एका दिशेला असली, तर दोन थरांत जू जितके फिरते त्याची बेरीज होते; विरुद्ध दिशांना असली, तर वजाबाकी. जाड्या नीट निवडल्या, तर एका मांडणीत सांधा सुलटा आणि दुसऱ्या मांडणीत उलटा. छोटेसे चुंबकीय क्षेत्र देऊन दुबळ्या थराचे तोंड फिरवायचे, की चिन्ह बदलले. आणि क्षेत्र काढून घेतले तरी ते तसेच राहते. अतिशीत संगणकाची स्मृती अशा सांध्यांतून करता येईल का, याची खटपट त्यासाठीच चालू आहे.

त्याच्या पावतीपुस्तकाच्या एका कोऱ्या पानावर मी दोन थर आणि दोन बाण काढून दाखवले. त्याने एक बाण खोडून उलटा काढला, पान फाडून घडी केली आणि गल्ल्यात ठेवले. मोटार गुरुवारी न्यायला या, म्हणाला.